पानाचा माथा आणि देवासच्या दोन पाती

माळव्यातील देवास या एकाच शहरात दीर्घकाळ दोन राजे नांदत होते. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांच्या वंशांत देवासची सत्ता वाटली गेली आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने उभी राहिली. १८४१ नंतर दोन्ही पात्यांचा कारभार वेगळा झाला. तरी त्यांची गावे एकमेकांत गुंतलेलीच राहिली. राजधानीच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन निरनिराळ्या कारभारांखाली होत्या, आणि पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्हीकडे वेगवेगळी होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून काम केले. त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकामुळे देवासचे नाव दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचले. इंदूरच्या पलीकडे धार येथे पवारांचीच आणखी एक शाखा राज्य करीत होती.

या तिन्ही गाद्यांचा इतिहास एकाच ग्रंथात मांडायचे कोणी ठरवले, तर त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती नावांची. यशवंतराव पवार म्हटले की १७६१ साली पानिपतावर पडलेले धारचे यशवंतराव आठवतात. पण धारच्या गादीवर पुढे आणखी एक यशवंतराव झाले, आणि देवासच्या धाकट्या पातीचे अखेरचे राजेही यशवंतरावच होते. आनंदराव धारमध्ये एकाहून अधिक झाले. धाकट्या पातीतही एक आनंदराव होऊन गेले. तुकोजीराव हे नाव थोरल्या पातीत तीनदा येते, शिवाय शेजारच्या होळकरांच्या घराण्यातही ते आहेच. अशा ग्रंथातले एखादे पान मधूनच उघडले आणि त्यावर ‘आनंदरावांनी तह मान्य केला’ एवढेच वाक्य दिसले, तर हे आनंदराव धारचे की देवासचे, हे त्या वाक्यावरून कळणार नाही.

पूर्वी ग्रंथ बांधलेला असे. वाचक दोन पाने मागे जाऊन खात्री करून घेई. आज पुस्तकाचे एकेक पान छायाप्रतीच्या किंवा पीडीएफच्या रूपाने सुटे फिरते. विद्यार्थी एवढेच पान टिपणासाठी वापरतो, नातेवाईक तेच पान व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतात. अशा सुट्या पानाची ओळख सांगणारी एकच जागा उरते, ती म्हणजे त्याच्या माथ्यावरची व तळाची ओळ. संगणकाच्या भाषेत माथ्यावरच्या ओळीला हेडर आणि तळाच्या ओळीला फूटर म्हणतात. तळटीप ही वेगळी गोष्ट आहे. ती मजकुरातल्या विशिष्ट शब्दाशी बांधलेली असते, तर फूटर पानापानावर आपोआप उमटतो.

ही गरज नवी नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांची पाने शिवलेली नसत. म्हणून लेखनिक डाव्या समासात वरच्या अंगाला ग्रंथाच्या नावाचे आद्याक्षर व पानाचा अंक लिहीत, आणि उजव्या समासात खाली पुन्हा अंक देत; त्या अंकासोबत पुष्कळदा ‘राम’ असा शब्दही असे. पाने विस्कटली तरी पोथी पुन्हा लावता यावी, हा त्यामागचा हेतू होता. हेडर व फूटर हीच गरज आजच्या साधनांनी भागवतात.

हेडर पानाचा नव्हे, सेक्शनचा

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये लिहिणाऱ्या बहुतेकांचा येथेच गोंधळ होतो. धारचे प्रकरण संपले, देवासचे सुरू झाले. नव्या पानाच्या माथ्यावर दोनदा क्लिक करून ‘धार’ खोडले व ‘देवास’ लिहिले, की क्षणार्धात मागच्या साऱ्या पानांवरही ‘देवास’ उमटते. पुन्हा मागे जाऊन ‘धार’ लिहिले की पुढची पाने बदलतात. यात वर्डचा दोष नाही. हेडर हा एका पानाचा नसून सेक्शनचा असतो, आणि जोवर दस्तऐवजात एकच सेक्शन आहे, तोवर त्याला हेडरही एकच मिळणार. केवळ नवे पान सुरू करणारा पेज ब्रेक टाकल्याने नवे सेक्शन तयार होत नाही. पेज ब्रेक म्हणजे त्याच हद्दीतील पुढची पायरी; सेक्शन ब्रेक म्हणजे प्रत्यक्ष हद्द.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी हद्दी कागदावर आखून घ्याव्यात. पवारांच्या ग्रंथाचा आराखडा असा होऊ शकेल : प्रारंभीची पाने, धार, देवास थोरली पाती, देवास धाकटी पाती, वंशावळी, विलीनीकरण आणि शेवटी सूची. म्हणजे सात सेक्शन आणि त्यांच्यामध्ये सहा हद्दी. प्रत्येक सेक्शनच्या माथ्यावर काय हवे आणि तळाला काय हवे, हेही त्याच कागदावर लिहून ठेवले तर पुढचे काम अर्ध्या तासात आटोपते.

आधी हद्द, मग दुवा, मग मजकूर

वर्डमध्ये कर्सर नव्या भागाच्या पहिल्या अक्षराआधी ठेवावा आणि लेआउट या टॅबमधील ब्रेक्स या यादीतून सेक्शन ब्रेकचा प्रकार निवडावा. प्रकार चार आहेत. नेक्स्ट पेज नवे सेक्शन पुढच्या पानावर सुरू करतो. ऑड पेज ते विषम क्रमांकाच्या, म्हणजे उजव्या पानावर सुरू करतो, तर इव्हन पेज सम क्रमांकाच्या पानावर. कंटिन्युअस त्याच पानावर मध्येच हद्द घालतो. ग्रंथाच्या मोठ्या भागांसाठी नेक्स्ट पेज किंवा ऑड पेज योग्य. मागील भाग विषम पानावर संपला असेल, तर ऑड पेजमुळे छपाईत मध्ये एक कोरे पान येते. ती चूक समजून घाबरू नये.

कंटिन्युअस प्रकार हेडर बदलण्यासाठी वापरू नये. देवासच्या रस्त्यावर दोन कारभार समोरासमोर नांदू शकले. पानाच्या माथ्यावर मात्र एकाच सेक्शनचा अंमल चालतो. पान ज्या सेक्शनमध्ये सुरू झाले, त्याचाच हेडर त्या पानावर दिसतो. मध्येच सुरू झालेल्या सेक्शनचा हेडर पुढच्या पानापासून येतो.

हद्द घातली तरी काम निम्मेच झालेले असते. नवे सेक्शन जन्मतः मागच्याशी जोडलेले असते. हेडरवर दोनदा क्लिक केल्यावर वर उघडणाऱ्या टॅबमध्ये लिंक टू प्रीव्हियस हे बटण दाबलेल्या स्थितीत दिसते. याचा अर्थ, या सेक्शनचा स्वतःचा हेडर नाही. तो मागच्याचाच दाखवत आहे. ते बटण दाबून दुवा आधी तोडावा आणि त्यानंतरच मजकूर बदलावा. दुवा न तोडता मजकूर बदलला, तर तो मागच्या सेक्शनमध्येही बदलतो. हा क्रम उलटा होणे, हे सर्वाधिक आढळणाऱ्या चुकीचे मूळ आहे.

याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हेडरचा दुवा आणि फूटरचा दुवा स्वतंत्र आहेत. एक तोडला म्हणून दुसरा तुटत नाही. ही सोयच आहे, कारण ग्रंथाचे नाव व पृष्ठांक सर्वत्र सारखे हवे असतील, तर फूटरचा दुवा तसाच ठेवून केवळ हेडरचा तोडता येतो. दुसरी, दुवा केवळ लगतच्या मागच्या सेक्शनशी असतो. थोरल्या पातीचा दुवा धारपासून तोडला, तरी धाकटी पाती थोरलीला जोडलेलीच राहते. तिच्या पानांवर ‘थोरली पाती’ असे उमटत राहील. म्हणून प्रत्येक हद्दीवर जाऊन दुवा पाहावा लागतो. तिसरी, तोडलेला दुवा पुन्हा जोडू गेल्यास वर्ड विचारतो, की या सेक्शनचा हेडर पुसून मागच्याशी जोडायचे काय. घाईने होकार दिला तर लिहिलेला मजकूर जातो.

पहिले पान, डावे पान, उजवे पान

छापील मराठी ग्रंथांत प्रकरणाच्या पहिल्या पानावर सहसा माथ्याची ओळ नसते, कारण तेथे प्रकरणाचे नाव ठळकपणे आलेलेच असते. त्यासाठी डिफरंट फर्स्ट पेज हा पर्याय आहे. तो सेक्शनपुरताच लागू होतो. सात सेक्शन असतील तर आवश्यक तेथे प्रत्येक वेळी निवडावा लागतो. डिफरंट ऑड अँड इव्हन पेजेस हा पर्याय मात्र संपूर्ण दस्तऐवजाला लागू होतो. एकदा निवडला की डाव्या व उजव्या पानांचे हेडर सर्वत्र वेगळे होतात.

हे दोन्ही पर्याय घेतले की एकाच सेक्शनला तीन हेडर व तीन फूटर मिळतात : पहिल्या पानाचा, सम पानांचा आणि विषम पानांचा. या प्रत्येकाचा दुवा वेगळा तोडावा लागतो. उजव्या पानावर दुवा तोडून समाधान मानणाऱ्या लेखकाला डाव्या पानावर जुनेच नाव आढळते, ते यामुळेच.

डाव्या पानावर ग्रंथाचे नाव व उजव्या पानावर प्रकरणाचे नाव, ही रूढ पद्धत आहे. परंतु नावांचा गुंता असलेल्या ग्रंथात तेवढे पुरत नाही. १८५७ च्या उठावानंतर धार संस्थान ब्रिटिशांनी जप्त केले आणि १८६० साली बेरसिया परगणा वगळून ते आनंदरावांना परत दिले. या प्रकरणाच्या उजव्या पानावर नुसते ‘जप्ती आणि पुनःस्थापना’ असे लिहिण्याऐवजी ‘धार : जप्ती आणि पुनःस्थापना’ असे लिहावे, आणि डाव्या पानावरही ‘पवार संस्थाने : धार’ असे द्यावे. मग कोणतेही पान सुटे झाले तरी हे आनंदराव कोणते, हे ते पानच सांगते.

एका सेक्शनमध्ये प्रकरणे अनेक असतील, तर दर प्रकरणाला नवी हद्द घालण्याची गरज नाही. प्रकरणांच्या शीर्षकांना वर्डमधील हेडिंग १ ही शैली दिलेली असेल, तर हेडरमध्ये इन्सर्ट टॅबच्या क्विक पार्ट्समधून फील्ड निवडून स्टाइलरेफ हे फील्ड घालता येते. ते त्या त्या पानावरचे, किंवा तेथे शीर्षक नसेल तर त्याआधीचे, शीर्षक आपोआप माथ्यावर आणते. शीर्षकात दुरुस्ती केली की माथ्यावरही दुरुस्ती होते. संस्थानाचे नाव सेक्शनच्या हेडरमध्ये हाताने लिहावे आणि प्रकरणाचे नाव स्टाइलरेफवर सोपवावे. अशी विभागणी केल्यास सेक्शनांची संख्या आवाक्यात राहते.

पृष्ठांकांचा हिशेब

पृष्ठांक हाताने कधीही लिहू नये. पेज नंबर या आज्ञेने घालावा. प्रस्तावना, ऋणनिर्देश, अनुक्रम या पानांना मराठी ग्रंथांत ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी अंक देण्याची परंपरा आहे. संगणकावर बहुधा रोमन अंकांनी ते काम भागवले जाते. मुख्य ग्रंथ १ पासून सुरू होतो.

यासाठी मुख्य ग्रंथाच्या पहिल्या सेक्शनमध्ये, म्हणजे आपल्या उदाहरणात धारच्या पहिल्या पानावर, फॉर्मॅट पेज नंबर्स उघडावे आणि स्टार्ट अ‍ॅट या जागी १ हा अंक द्यावा. त्यापुढच्या प्रत्येक सेक्शनमध्ये कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन हा पर्याय निवडलेला आहे, याची खात्री करावी. अन्यथा थोरल्या पातीच्या आरंभी पुन्हा पान १ येऊ शकते. असे झाले की एकाच ग्रंथात पान १४ दोनदा येते, आणि संदर्भ देणाऱ्या अभ्यासकाचे टिपण निरुपयोगी ठरते.

येथे एक बारकावा आहे. अंकांचे स्वरूप व आरंभीचा अंक हे सेक्शनचे गुण आहेत, फूटरच्या मजकुराचे नव्हेत. म्हणून फूटर मागच्याशी जोडलेला असला तरी एका सेक्शनमध्ये रोमन व दुसऱ्यात साधे अंक येऊ शकतात. केवळ अंक बदलण्यासाठी फूटरचा दुवा तोडण्याची आवश्यकता नाही. अंकांच्या यादीत देवनागरी अंक दिसत नसतील, तर ऑफिसच्या भाषांमध्ये हिंदी किंवा मराठी जोडून पाहावी.

आडवी वंशावळ

धार आणि देवासच्या दोन्ही पात्यांची वंशावळ उभ्या पानावर मावणे कठीण. ती आडव्या पानावर घ्यायची तर तिच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन हद्दी हव्यात. एकच घातली तर त्यापुढचा सारा ग्रंथ आडवा होतो. आडव्या पानाची रुंदी अधिक असल्याने उभ्या पानासाठी बेतलेला हेडर तेथे उजव्या कडेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वंशावळीच्या सेक्शनचा दुवा तोडून त्याची मांडणी पुन्हा करावी, आणि त्यापुढच्या सेक्शनचाही दुवा तोडावा.

हद्द पुसली की काय होते

सेक्शन ब्रेक पडद्यावर एरवी दिसत नाही. होम टॅबमधील परिच्छेदखुणा दाखवणारे बटण दाबले की तो दुहेरी ठिपक्यांच्या रेषेच्या रूपात दिसतो. मजकूर संपादित करताना हे बटण चालू ठेवावे, कारण डिलीट दाबताना हद्द नकळत पुसली जाऊ शकते.

आणि त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट होतो. सेक्शनची सर्व मांडणी त्याच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. म्हणून धार आणि थोरली पाती यांच्यामधली हद्द पुसली, तर थोरली पाती धारची होत नाही. धारच्या साऱ्या पानांवर थोरल्या पातीचा हेडर येतो. असे घडताच कंट्रोल आणि झेड या कळांनी कृती मागे घ्यावी. मोठ्या फेरफारांपूर्वी फाइलची प्रत वेगळ्या नावाने जतन करून ठेवणे उत्तम.

इतर साधनांत

लिबरऑफिस रायटरमध्ये हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने साधते. तेथे हेडर व फूटर पेज स्टाइलशी जोडलेले असतात. सेक्शन हा शब्द तेथेही आहे, पण त्याचा अर्थ निराळा असून हेडरशी त्याचा संबंध नाही. ‘धार’, ‘थोरली पाती’, ‘धाकटी पाती’ अशा नावांच्या पेज स्टाइल तयार कराव्यात, प्रत्येकीचा हेडर लिहावा, आणि भाग बदलतो तेथे मॅन्युअल ब्रेक घालताना पुढची पेज स्टाइल निवडावी. येथे दुवा तोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे चुका कमी होतात. गूगल डॉक्समध्ये इन्सर्ट व ब्रेक या मार्गाने सेक्शन ब्रेक घालता येतो आणि हेडरमध्ये लिंक टू प्रीव्हियस ही चौकट रिकामी करून दुवा तोडता येतो.

शेवटची तपासणी

सर्व झाल्यावर अनुक्रमणिका अद्ययावत करावी, पीडीएफ काढावी आणि संपूर्ण ग्रंथ न चाळता केवळ हद्दी तपासाव्यात. प्रत्येक भागाचे शेवटचे पान, पुढच्या भागाचे पहिले पान आणि त्यानंतरची एक डावी व एक उजवी बाजू, एवढी पाने पाहिली तरी बहुतेक चुका सापडतात. सहा हद्दींसाठी ही चोवीस पाने होतात.

त्यातही अखेरच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. १९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या. त्यामुळे विलीनीकरणाचे प्रकरण तिन्ही संस्थानांचे आहे. ते वंशावळीच्या मागोमाग येते. तेथे दुवा तोडायचा राहिला, तर धारच्या विलीनीकरणाच्या पानांवर ‘वंशावळी’ असे उमटेल. वंशावळी नंतर परिशिष्टात हलवल्या, तर तेथे ‘देवास धाकटी पाती’ असेही उमटू शकेल. मजकूर अचूक असूनही ते पान वाचकाला चुकीच्या संस्थानात नेईल. त्या हद्दीवर दुवा तोडून माथ्यावर ‘पवार संस्थाने : विलीनीकरण’ असे लिहिले, की ग्रंथ छपाईला देण्यास हरकत नाही.